फटफटीचे पायताण

वाचकहो, तुमच्यापैकी जे वडीलधारे असतील त्यांनी बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना नक्की पाहिले असेल. लोखंडी पट्टीचे गोल कडे, लाकडी घेरापेक्षा जरासे लहानच केलेले. ते गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद होईपर्यंत तापवायचे. तापले की लोखंड वाढते. मग तिघाचौघांनी सांडशीने ते उचलून चाकावर बसवायचे आणि लगोलग पाणी ओतायचे. वाफेचा लोट उठतो, लोखंड आकसते, आणि तुंबा, आरे, घेर असे सारे चाक मुठीत धरल्यासारखे आवळून निघते. या धावेलाच इंग्रज लोक टायर म्हणत. चाकाचा पेहराव, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ असावा असे भाषापंडितांचे मत आहे. म्हणजे नाव जुने आहे. पोटात हवा भरलेला रबरी टायर मात्र अगदी अलीकडचा.

तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या भाषणात हा टायर कुठून आला? राजेरजवाड्यांच्या लढाया, तह, सनावळ्या, हा आपला इतिहास. पण आज वाडीवस्तीवर पाहा. दुधाचे कॅन, खताची पिशवी, आजारी म्हातारी, परीक्षेला निघालेली पोर, हे सगळे एका शंभर सी.सी.च्या फटफटीवरून जाते. या गाडीचा जमिनीशी संबंध किती, तर दोन चाके मिळून जेमतेम दोन तळहातांएवढा. तेवढ्या रबरावर दोन-तीन जीव चाललेले असतात. ते रबर कुठून आले, त्यावर कोणी काय लिहून ठेवले आहे आणि त्याची निगा कशी राखायची, हे माहीत असलेले बरे. शिक्षक बंधुभगिनींना तर यात इतिहास, भूगोल, विज्ञान आणि गणित, चारही विषय एका ठिकाणी सापडतील.

रबर हा मूळचा दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या झाडांचा चीक. तिथले रहिवासी त्याचे चेंडू करून खेळत, हे युरोपातल्या लोकांनी फार पूर्वीच पाहिले होते. पण या चिकाची खोड अशी की उन्हाळ्यात तो पाघळून चिकट व्हायचा आणि थंडीत दगडासारखा कडक. हा दोष काढला चार्ल्स गुडइअर या अमेरिकन माणसाने. गृहस्थ कर्जात बुडालेला, कर्जापायी तुरुंगही पाहिलेला. पण रबराचा नाद सुटेना. १८३९ मध्ये गंधक मिसळलेले रबर तापत्या शेगडीला लागले आणि ते वितळण्याऐवजी चामड्यासारखे चिवट झाले, अशी हकीकत आहे. १८४४ मध्ये त्याने या कृतीचे पेटंट घेतले आणि १८६० मध्ये तो कर्जबाजारी अवस्थेतच मेला. आज टायरवर त्याचे नाव दिसते ते कंपनीचे. ती कंपनी त्याच्या मरणानंतर अडतीस वर्षांनी दुसऱ्याच माणसाने काढली. त्याच्या घरच्यांना त्यातले काही मिळाले नाही.

हवेच्या टायरची कल्पना पहिल्यांदा सुचली ती रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटलंडच्या तरुणाला. साल १८४५, वय अवघे तेवीस. रबर लावलेल्या कापडाची नळी, वरून चामड्याचे वेष्टन, आत हवा. घोडागाडीला ही चाके लावून त्याने ती लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये चालवून दाखवली. गाडी आवाज न करता, धक्का न देता चालली. लोकांनी कौतुक केले आणि विसरून गेले. रबर महाग होते, सायकल अजून यायची होती, मोटार तर स्वप्नातही नव्हती. गरज उभी नसताना आलेल्या शोधाचे असेच होते.

त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी आयर्लंडमधल्या बेलफास्ट गावी जॉन बॉइड डनलॉप नावाचा गुरांचा डॉक्टर राहत होता. हो, गुरांचा डॉक्टर. यंत्रशाळेशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याच्या मुलाची तीनचाकी सायकल होती, तिला भरीव रबराच्या कडा होत्या. दगडी फरशांच्या रस्त्यावर पोराची हाडे खिळखिळी व्हायची. बापाने एक लाकडी तबकडी घेतली, रबराची नळी करून ती कापडाच्या पट्टीने तिच्या कडेला खिळली आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग अंगणात एका बाजूने सायकलचे जुने चाक आणि दुसऱ्या बाजूने ही हवेची तबकडी सारख्याच जोराने ढकलून दिली. जुने चाक अर्ध्या वाटेत आडवे झाले. तबकडी अंगण ओलांडून समोरच्या दाराला धडकून उलटी आली. शिक्षकहो, कसलेही महागडे साहित्य न वापरता केलेला याहून चांगला प्रयोग मला तरी ठाऊक नाही. १८८८ च्या डिसेंबरात डनलॉपला पेटंट मिळाले. पुढच्या वर्षी मे महिन्यात बेलफास्टला सायकलींच्या शर्यती झाल्या, तेव्हा विली ह्यूम हा खेळाडू ही फुगीर चाके लावून उतरला. लोक हसले. शर्यती संपल्या तेव्हा हसण्याचे कारण उरले नव्हते. ह्यूमने त्या जिंकल्या होत्या. गंमत अशी की टॉमसनचे जुने पेटंट कोणीतरी उकरून काढले आणि डनलॉपचे पेटंट रद्द ठरले. कंपनी मोठी झाली, नाव जगभर गेले. डॉक्टरसाहेबांच्या पदरात त्या मानाने फार थोडे पडले.

याच नावाने आपल्याकडे रबरी चाकाच्या बैलगाडीलाही ओळखू लागले. उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्यावर टायरगाड्यांची रांग तुम्ही पाहिली असेल. लोखंडी धावेच्या गाडीपेक्षा तीत जास्त ओझे जाते आणि बैलाच्या मानेला कमी ओढ बसते. ज्याने तो शोध लावला तो गुरांचाच डॉक्टर होता, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो.

डनलॉपच्या टायरमध्ये एक मोठी अडचण होती. तो चाकाला डिंकाने चिकटवलेला असे. पंक्चर झाले की सगळे सोलून काढायचे. फ्रान्समध्ये क्लेर्माँ-फेराँ गावी आंद्रे आणि एदुआर मिशेलिन या दोघा भावांचा रबरी वस्तूंचा कारखाना होता. १८८९ मध्ये एक इंग्रज सायकलस्वार असा बसलेला टायर घेऊन त्यांच्या दारात आला. दुरुस्तीला तीन तास लागले आणि डिंक वाळायला सबंध रात्र. सकाळी एदुआर उत्साहाने ती सायकल चालवायला गेला, तर थोड्याच अंतरावर टायर पुन्हा खाली बसला. दुसरा कोणी असता तर त्याने नाद सोडला असता. मिशेलिन बंधूंनी ठरवले की मिनिटांत निघेल आणि मिनिटांत बसेल असा टायर करायचा. १८९१ मध्ये तो तयार झाला, आणि त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, अशी सुमारे १२०० किलोमीटरांची शर्यत शार्ल तेराँ या स्वाराने त्याच टायरवर जिंकली. दुसऱ्या वर्षी या भावांनी आपल्याच टायरांची शर्यत भरवली आणि रस्त्यात मुद्दाम खिळे पेरून ठेवले, असे सांगतात. पंक्चर होऊ दे, काढायला किती सोपे आहे ते लोकांना दिसू दे! आज आपल्याकडे एखादा पंक्चरवाला रस्त्यात खिळे टाकतो म्हणून लोक बोटे मोडतात. त्या प्रकारचा आद्य पुरुष कोण ते यावरून समजावे.

टायर बाजूला निघू लागला म्हणून ट्यूब वेगळी करता आली आणि आपल्या ओळखीचे पंक्चरचे दुकान जन्माला आले. पाण्याचे घमेले, कानस, सोल्यूशनची नळी, टामी. इथे दोन गोष्टी सांगून ठेवतो. पंक्चर काढून घेताना ट्यूब बाहेर आली की टायरच्या आतून हात फिरवून पाहायला सांगा. बाभळीचा काटा ट्यूबला भोक पाडून टायरातच दडून बसतो, आणि तुम्ही घरी पोचायच्या आत दुसरे भोक पाडतो. हात मात्र फडक्यातून फिरवावा, नाहीतर काटा बोटात मिळतो. दुसरे असे की आऱ्यांच्या चाकात रिमवर एक रबरी पट्टी असते. ती सरकली किंवा कुजली की आऱ्यांची टोके ट्यूबला आतून खातात. वारंवार पंक्चर होते आणि भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला सापडते, तेव्हा रस्त्याला दोष देऊ नका. ती पट्टी बदला.

व्हॉल्व्हचीही कहाणी आहे. आपल्या साध्या सायकलला जो व्हॉल्व्ह असतो, ज्यावर रबराची बारीक नळी चढवतात आणि जिला मुले वालट्यूब म्हणतात, तो डनलॉपच्या काळातला. फटफटीचा व्हॉल्व्ह वेगळा; त्यात स्प्रिंगची पिन असते. तो न्यूयॉर्कच्या श्रेडर या कारखानदार घराण्याचा, १८९३ च्या पेटंटाचा. त्यावरची छोटी टोपी पोरे काढून नेतात आणि आपण दुर्लक्ष करतो. ती टोपी शोभेची नसते. तिच्यावाचून धूळ पिनेत जाते आणि हवा कणाकणाने निसटते.

आता या कहाणीतला काळा भाग. तो वगळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

१८९० नंतर सायकलींचे आणि मग मोटारींचे वेड लागले, तशी रबराची मागणी एकदम वाढली. लागवडीचे रबर अजून बाजारात नव्हते. जे होते ते जंगलातले. आफ्रिकेत कोंगो नदीचे प्रचंड खोरे १८८५ पासून बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची जवळजवळ खाजगी जहागीर होती. तिथल्या जंगलात रबराचे वेल होते. गावागावाला रबराचा वाटा ठरवून दिला. वाटा भरला नाही तर बायकामुलांना ओलीस धरत, गावे जाळत, माणसे मारत. शिपायांना दिलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब म्हणून मेलेल्याचा तोडलेला हात दाखवावा लागे. आणि गोळी शिकारीत खर्च झाली तर जिवंत माणसाचा हात तोडून हिशेब पुरा करत. किती माणसे मेली याचा नेमका आकडा कोणी सांगू शकत नाही. लाखांनी मेली एवढे खरे.

हे उघडकीला आले ते एका कारकुनाच्या नजरेमुळे. एडमंड मॉरेल हा लिव्हरपूलच्या जहाज कंपनीत नोकरीला होता. कोंगोहून येणारी जहाजे रबराने आणि हस्तिदंताने भरून येतात आणि परत जाताना व्यापाराचा माल जवळजवळ नेतच नाहीत, नेतात बंदुका आणि काडतुसे, हे त्याला वह्यांवरून दिसले. मालाच्या बदल्यात माल जात नाही, म्हणजे मजुरी दिलीच जात नाही, हा साधा हिशेब त्याने मांडला. नोकरी सोडली आणि लिहायला बसला. ॲलिस हॅरिस या धर्मोपदेशक बाईंनी काढलेला एक फोटो आहे: एक बाप ओसरीवर बसला आहे आणि त्याच्यासमोर त्याच्या लहान मुलीचा तोडलेला हात आणि पाय आहे. रॉजर केसमेंट या ब्रिटिश वकिलाचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. अखेर १९०८ मध्ये राजाला ती जहागीर बेल्जमच्या सरकारकडे सोपवावी लागली. युरोपात धक्के न बसता सायकली धावत होत्या, त्यांच्या चाकांमागे हे होते. ‘साम्राज्यवाद’ हा शब्द मुलांना पाठ करायला लावण्यापेक्षा मॉरेलची गोष्ट सांगावी, असे मला वाटते.

जंगलचे रबर मागे पडले ते मळ्याच्या रबरामुळे. १८७६ मध्ये हेन्री विकम या इंग्रजाने ब्राझीलमधून रबराच्या झाडाच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत आणल्या. उगवल्या अडीच-तीन हजार. ती रोपे सिंहलद्वीपात, पुढे सिंगापूर-मलायात गेली. सिंगापूरच्या बागेचा प्रमुख हेन्री रिडली मळेवाल्यांच्या खिशात बिया कोंबून ‘लावून तर पाहा’ म्हणायचा. लोक त्याला वेडा रिडली म्हणत. झाडाला इजा न करता साल तिरकी कापून चीक काढायची रीत त्याने बसवली, आणि तीच रीत आजही चालते. मलायाच्या त्या मळ्यांत कोयता चालवायला मजूर गेले ते पुष्कळसे आपल्याच देशातले, तमिळ मुलखातले. आपल्या देशात १९०२ पासून केरळात पेरियार नदीकाठी रबराचे मळे झाले. अलीकडे आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातही रबराची झाडे उभी आहेत. कधी त्या बाजूला गेलात तर बुंध्याला बांधलेल्या वाट्या पाहून या.

आणि फटफटी? तिचा पहिला अवतार १८८५ चा, जर्मनीत गॉटलीब डाइमलरने केलेला. त्याची चाके लाकडी, वर लोखंडी धाव. थोडक्यात बैलगाडीच. त्या गाडीवर बसणे म्हणजे काय दिव्य असेल याची कल्पनाच करावी. हवेच्या टायरची आणि बाजारात विकायला आलेली पहिली फटफटी म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांची, १८९४ मधली. आपल्याकडे १९५५ पासून मद्रासला एनफील्ड, मग साठीच्या दशकात राजदूत आणि म्हैसूरची जावा, १९७२ मध्ये पुण्याची लुना आणि १९८५ मध्ये शंभर सी.सी.ची हिरो होंडा, अशी ही वरात आली. टायरचा देशातला पहिला कारखाना डनलॉपचा, १९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंज येथे निघाला. तो आता बंद आहे. आपल्या मुंबईत सीएट आली ती १९५८ मध्ये. तिच्या नावातली अक्षरे इटलीतल्या तुरिन शहराच्या मूळ कंपनीची आहेत.

जाता जाता एक शब्द. स्कूटरला किंवा जीपला जोडीचे चाक असते, त्याला आपण स्टेपनी म्हणतो. वेल्समधल्या लानेली गावी स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये असे जादा चाक काढले. आपल्या खेड्यापाड्यांत मात्र त्या रस्त्याचे नाव रोज घेतले जाते.

आता टायर विकत घ्यायला दुकानात जाऊ. दुकानदार जो हातात देईल तो घेऊन येऊ नका. जुन्या शिलालेखासारखी टायरच्या कुशीवर अक्षरे कोरलेली असतात, ती वाचा. समजा लिहिले आहे २.७५-१८. म्हणजे रुंदी पावणेतीन इंच, आणि ज्या रिमवर बसतो तिचा व्यास अठरा इंच. शंभर सी.सी.च्या कितीतरी गाड्यांचे हेच माप. नव्या पद्धतीत तेच ८०/१००-१८ असे लिहितात. इथे ८० ही रुंदी मिलिमीटरांत आणि १०० म्हणजे उंची रुंदीच्या शंभर टक्के. रिमचे माप मात्र अजून इंचांतच राहिले. एकाच ओळीत दोन मापपद्धती, हा इतिहासाने टाकलेला गुंता! माप गाडीबरोबर आले तेच घ्यावे. पोरांना मागे जाड टायर टाकायची हौस असते. जाड टायर चेनला किंवा मडगार्डला घासतो, अरुंद रिमवर नीट बसत नाही, आणि वळणावर गाडी आपल्या मनाप्रमाणे वळत नाही.

पुढे ‘४ पी.आर.’ किंवा ‘६ पी.आर.’ असे काही दिसेल. त्याची कथा अशी. सुरुवातीला टायरच्या आत साधे विणलेले कापड असे. गोणपाटात जसे उभे-आडवे धागे एकमेकांवरून जातात, तसे. चाक फिरताना हे धागे एकमेकांना करवतीसारखे कापत. जॉन पामर या अमेरिकनाने १८९० नंतर लवकरच तोड काढली: धागे विणायचेच नाहीत, एका दिशेने समांतर ठेवायचे, मधे रबर घालायचे आणि दुसरा थर तिरका द्यायचा. तेव्हा सुताचे असे जितके थर, तितका टायर दणकट. आज सुताच्या जागी नायलॉन आले आणि थर तितके नसतातही. पण सहा सुती थरांएवढी ताकद, या अर्थाने तो आकडा चालू राहिला आहे.

त्याहून कामाचा आकडा भाराचा. ‘४७ पी’, ‘५४ पी’ असे लिहिलेले असते. अक्षर वेगाचे, पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. ४७ म्हणजे तो टायर १७५ किलो भार सोसतो, ५४ म्हणजे २१२ किलो. आता गुरुजींनी फळ्यावर मांडावे. गाडीचे वजन ११० किलो धरू. निम्मे मागच्या चाकावर, म्हणजे ५५. दूधवाल्याचे वजन ६५, त्यातले ४५ मागे. चाळीस लिटरचे दोन कॅन. दुधाचेच ८२ किलो, वर रिकाम्या कॅनचे १५ धरा. बेरीज झाली १९७. म्हणजे टायर आपल्या मर्यादेच्या उंबरठ्यावर उभा आहे. त्यात ‘ये, बस मागे’ म्हणून एखाद्या पाहुण्याला घेतले की उंबरठा ओलांडला. आणि हा हिशेब कधीचा, तर टायर नवा आणि हवा बरोबर असतानाचा.

आणखी एक चार आकडी संख्या लंबगोल चौकटीत असते. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ही टायरची जन्मतारीख. रबर न वापरताही म्हातारे होते, म्हणून पाच-सहा वर्षे दुकानाच्या माळ्यावर पडलेला ‘नवा’ टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. एका कुशीवर बाण असतो, तो चाकाच्या फिरण्याच्या दिशेने हवा. घाईत उलटा बसवलेला टायर मी किती गाड्यांवर पाहिला आहे. पुढच्या टायरची नक्षी बहुधा लांबच लांब रेघांची असते, कारण त्याचे काम दिशा धरणे. मागच्याची ठोकळ्यांची, कारण त्याचे काम रेटा देणे. नक्षी सुकलेल्या डांबरी रस्त्यासाठी नसते, तशी ती ओल्या रस्त्यासाठी आणि चिखलासाठी असते. तिच्या खाचांतून पाणी बाजूला निघते. गोटा झालेला टायर उन्हाळ्यात काही बोलत नाही. मृगाच्या पहिल्या सरीला, रस्त्यावरचे तेल आणि धूळ ओली होते तेव्हा बोलतो. म्हणून टायर बदलायचा असेल तर तो मे महिन्यात बदलावा, पंढरीची वारी निघण्याची वाट पाहू नये. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. झिजून नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायरचे आयुष्य संपले. कुशीवर त्यांची जागा दाखवणारी खूण असते.

नव्या टायरबरोबर ट्यूबही नवीच घ्या. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरात तिला घड्या पडतात आणि घडीवर ती फाटते. टायरच्या कुशीवर रंगाचा एक ठिपका असला तर ती त्याची हलकी बाजू. ती व्हॉल्व्हजवळ आणतात, म्हणजे व्हॉल्व्हचे वजन आणि ती हलकी बाजू यांचा मेळ बसतो. पहिले शे-दीडशे किलोमीटर नवा टायरही किंचित निसरडा असतो, तेव्हा दमाने चालवावे. बिनट्यूबचा टायर चांगलाच; खिळा रुतला तरी हवा एकदम जात नाही. पण आऱ्यांच्या साध्या रिमला भोके असतात. तिथे तो ट्यूबवाचून चालत नाही, हे दुकानदार सांगायला विसरतो.

टायर काळा का, असे मुले विचारतात. पहिले टायर फिकट, पांढरटच असत. विसाव्या शतकाच्या आरंभी रबरात काजळी मिसळून पाहिली, तर ते झिजेला कितीतरी पटीने चिवट झाले. तीच आपल्या दिव्याची काजळी, जातीने जरा शुद्ध. उन्हाचा मारही ती सोसते. पेट्रोल, डिझेल आणि ग्रीस मात्र रबराला विष. सांडले तर पुसून काढा.

राहिली निगा. तिचा निम्मा भाग एकट्या हवेचा. अंगठ्याने दाबून किंवा लाथ मारून हवा कळत नाही. मापाने पाहा, आणि तेही सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी. चाललेला टायर तापतो आणि आकडा फुगवून सांगतो. शंभर सी.सी.च्या गाडीला पुढे पंचवीस पौंडांच्या आसपास, मागे एकटे असाल तर अठ्ठावीस-तीस आणि मागे कोणी बसणार असेल तर त्याहून बरीच अधिक लागते. नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात किंवा चेनच्या झाकणावरच्या चिठ्ठीत असतो. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला कुशीत वाकतो, वाकून वाकून तापतो, आतले धागे सुटतात आणि पेट्रोलही जास्त जाते. फार जास्त हवा भरली तर मधली पट्टीच झिजते आणि खडीवर गाडी उड्या मारते. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी हवा पाहायची, असा नेम केला तर लक्षात राहते.

चेन ही १८८० मध्ये मँचेस्टरला हान्स रेनोल्डने केलेल्या चेनचीच लेक आहे. ती तारेसारखी ताणलेली नको आणि झोळीसारखी लोंबतीही नको. मधोमध बोटाने वरखाली केली तर पाऊण-एक इंच हलावी. धुऊन, पुसून, मग तेल. धुळीवर तेल सोडले की त्याची घासपट्टी होते आणि चेन-चक्रे दोन्ही खाते. चेन ताणताना मागच्या आसाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. नाहीतर चाक तिरके राहते आणि टायर एका अंगाने झिजतो. आणि हे ध्यानात ठेवा: चाक मागे सरकले की मागच्या ब्रेकचा दांडाही बदललेला असतो. चेन ताणून ब्रेक न तपासता निघालेला माणूस पुढच्या उतारावर चकतो. आऱ्यांवर पान्याने हलकेच टकटक करा. घट्ट आरा खणखणतो, ढिला बद्द बोलतो. ऑईलची पातळी गाडी सरळ उभी करून पाहावी, आणि आपल्याकडच्या फुफाट्यात एअर फिल्टर पुस्तकात सांगितले आहे त्याच्या आधीच झटकावा. बाकीचे मिस्त्रीवर सोडा.

उतरवलेला टायर होळीत टाकू नये. त्याचा धूर घशाला आणि फुप्फुसाला वाईट. आपल्या मोच्याने अशा टायरच्या वहाणा फार पूर्वीपासून केल्या आहेत, आणि त्या काट्याकुट्यात चामड्याला हार जात नाहीत. वहाणा कापून उरलेला एक तुकडा, हातभर लांबीचा, गुरुजींनी शाळेसाठी मागून घ्यावा. करवतीने आडवा कापलेल्या कडेकडे भिंगातून पाहिले तर वर काजळीचे काळे रबर, त्याखाली पामरचे तिरके धागे, थरावर थर, आणि काठाशी रिम पकडून ठेवणाऱ्या तारांची जुडी, असे सगळे मुलांना एका वेळी दिसते. धागे किती थरांचे आहेत ते त्यांनाच मोजू द्यावे, आणि मग कुशीवर कोरलेला आकडा वाचायला सांगावा.